शंभर मैलांचा बिल्ला

लंडनजवळच्या ब्रुकलँड्सच्या कलत्या सिमेंटी रिंगणात शर्यतीच्या वेळी ताशी 100 मैलांहून जास्त वेगाने फेरी मारणाऱ्याला ब्रिटिश मोटर सायकल रेसिंग क्लब छातीवर लावायला एक छोटा सोनेरी तारा देत असे. 30 जून 1937 रोजी वॉल हँडली बीएसएची 500 सीसीची ‘एम्पायर स्टार’ घेऊन तिथे उतरला. टाकीत पेट्रोलऐवजी अल्कोहोल होतं. सर्वांत वेगवान फेरी ताशी 107.57 मैलांची झाली, शर्यतही त्याने जिंकली आणि तारा खिशात टाकला. बंदुकांपासून सुरुवात करून सायकली आणि मग फटफट्यांकडे वळलेल्या बर्मिंगहॅमच्या या कारखान्याने पुढच्याच वर्षी आपल्या नव्या गाडीला त्या बिल्ल्याचं नाव दिलं: गोल्ड स्टार.

ती 1963पर्यंत बनली. जुनी एक सिलिंडरची गाडी ट्रॅकवर पळवण्याची हौस असलेल्यांचं पहिलं प्रेम बहुधा मँक्स नॉर्टन असतं. तिची किंमत ऐकली की पुष्कळजण गोल्ड स्टारकडे वळतात. यात कमीपणा काही नाही. मँक्स रस्त्यासाठी कधी नव्हतीच. गोल्ड स्टारवर मात्र माणूस आठवडाभर कामाला जाई आणि रविवारी दिवे काढून शर्यतीला उभा राही. 1956 साली आइल ऑफ मॅनच्या क्लबमन्स टीटीत ज्युनिअर आणि सीनिअर या दोन्ही शर्यती बर्नार्ड कॉडने गोल्ड स्टारवरच जिंकल्या. म्हणून दिवाणखान्यात उभी केलेली, क्रोममध्ये तोंड दिसेल अशी गोल्ड स्टार मला नेहमी थोडी केविलवाणी वाटते.

ट्रॅकवाले शोधतात ते मॉडेल 1956चं डीबीडी 34. बोअर 85 मिलिमीटर, स्ट्रोक 88, एकूण 499 सीसी, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. इंजिन कारखान्यात चाचणी-यंत्रावर चालवून पाहिलं जाई आणि त्याच्या शक्तीच्या नोंदीचा कागद गाडीसोबत मिळे. दीड इंच तोंडाचा अमल जीपी कार्बोरेटर लावलेली गाडी सिग्नलला शांत उभी राहत नाही, कारण त्या कार्बोरेटरला आयडलिंगची सोयच नाही. ‘आरआरटी2’ गिअरबॉक्सचा पहिला गिअर इतका लांब की त्यावरच गाडी साठ मैलांच्या घरात जाते. निघताना क्लच बराच वेळ घसरवत ठेवावा लागतो. शहरात हे सगळं वैताग देणारं. ट्रॅकवर पुन्हा पहिल्या गिअरमध्ये यायची वेळच क्वचित येते.

खरं काम इंजिन खोलल्यावर सुरू होतं. पुण्या-कोल्हापुरात ज्यांनी जुनी कास्ट आयर्न बुलेट खोलली आहे त्यांना आतली मांडणी ओळखीची वाटेल: पुशरॉड, दोन फ्लायव्हील, मध्ये क्रँकपिन. फरक बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकपिनवरच्या टोकाला. जुन्या बुलेटमध्ये तिथे तरंगता बुश असतो, गोल्ड स्टारमध्ये रोलर. क्रँक अखंड नसल्यामुळे रोलर किंवा कनेक्टिंग रॉड बदलायचा तर फ्लायव्हील वेगळी करावीच लागतात. पुन्हा जोडताना दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत आले पाहिजेत. क्रँक दोन टोकांवर धरून फिरवायचा, डायल गेजची सुई बघायची, तांब्याच्या हातोड्याने एक ठोका द्यायचा, पुन्हा फिरवायचा. सुईची हालचाल इंचाच्या एक-दोन हजारांशांत येईपर्यंत हेच चालतं. घाईच्या माणसाने इथे हात घालू नये.

या गाडीची फ्लायव्हील पूर्ण गोल नसतात. 1954च्या सीबी मालिकेत कनेक्टिंग रॉड आखूड केला, त्यामुळे पिस्टन खाली येताना त्याचा घेर फ्लायव्हीलला घासला असता. जागा मिळावी म्हणून ती लंबगोल केली. रॉडबद्दल माझं मत कडक आहे: जुना वापरू नये. सात हजार फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 20 मीटरपलीकडे जातो आणि मिनिटाला चौदा हजार वेळा तो थांबून उलटा फिरतो. त्या प्रत्येक थांब्याचा झटका रॉड सोसतो. साठ वर्षांच्या पोलादात किती थकवा साठला आहे ते डोळ्यांना दिसत नाही. चुंबकीय पावडरने तडा सापडतो, पण उद्या पडणारा तडा आज सापडत नाही.

अ‍ॅल्युमिनिअमच्या हेडमध्ये आधीच्या मालकांचे प्रताप दिसतात. प्लगचा आटा गेलेला, एक्झॉस्टच्या वाल्व्हची सीट खोल बसलेली. आटा पुन्हा घालता येतो, सीटही कठीण धातूची नवी बसवतात, कारण आजच्या पेट्रोलमध्ये शिसं नाही. टॅपेटची रचना मात्र जशीच्या तशी ठेवावी. रॉकरच्या टोकाला स्क्रू-नटचं वजन नको म्हणून रॉकरचा दांडाच विकेंद्री केला आहे. तो किंचित फिरवला की फट कमी-जास्त होते. इतकी साधी युक्ती सुचायला डोकं लागतं.

तेलाचा प्रश्न सवयीचा. बरेचजण अजून एरंडेलाचं रेसिंग ऑइल घालतात, त्या वासासाठीसुद्धा. साध्या तेलात ते मिसळायचं नाही आणि गाडी उभी ठेवायची तर काढून टाकायचं, नाहीतर आत चिकट राळ धरते. शिवाय गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. तसंच चालू केलं तर धुराचा लोट आणि ब्रीदरमधून तेल. म्हणून आधी खालचा बोल्ट काढून केस रिकामी करायची.

ल्यूकसचा मॅग्नेटो हा वादाचा विषय. जुन्या वाइंडिंगवरची लाख उष्णतेने मऊ पडते आणि नेमक्या तिसऱ्या-चौथ्या फेरीला ठिणगी दगा देते. मॅग्नेटो नव्याने गुंडाळून घ्यावा की इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावावं? शर्यतीचे नियम परवानगी देत असतील तर दुसरं. शुद्धतावाद्यांनी रागवावं.

बीएसए हे नाव 2016पासून मुंबईच्या महिंद्रा समूहाकडे आहे. 2021मध्ये त्यांच्या क्लासिक लेजंड्स कंपनीने बर्मिंगहॅममध्येच नवी गोल्ड स्टार दाखवली. तीही एकच सिलिंडरची, पण 652 सीसीची, पाण्याने थंड होणारी. जुन्या गाडीच्या मालकाला तिचा उपयोग नाही, सुटे भाग त्याला इंग्लंड-युरोपातल्या छोट्या कारखान्यांकडूनच मागवावे लागतात.

अस्सल-नकलीचा घोळ मात्र मोठा आहे. बी31, बी33 या साध्या बीएसए गाड्यांच्या भागांतून पुष्कळ ‘गोल्ड स्टार’ जन्माला आल्या. अस्सल फ्रेमची उजवी खालची नळी ऑइल पंपाला जागा देण्यासाठी जराशी आत दाबलेली असते. संग्राहक ती खूण आणि नंबर भिंग लावून पाहतात. ट्रॅकवाल्याने इतकं मनाला लावून घेऊ नये. मेलेल्या रॉडच्या अस्सल गाडीपेक्षा ताज्या क्रँकची जोडगाडी शर्यत पुरी करण्याची शक्यता जास्त. त्याने लक्ष द्यायचं ते शर्यतीआधीच्या तपासणीकडे: तेलाच्या बोल्टना तारेचं लॉक, ब्रीदरखाली तेल धरायचा डबा, इंजिन तत्काळ बंद करणारं बटण. यातलं एक नसलं तर गाडी परत फिरवतात.

आणि एक वही ठेवायची. तिच्यात मैल लिहून भागत नाही, इंजिन किती तास चाललं ते लिहायचं. ठरलेले तास भरले की रॉड चांगला दिसत असला तरी बदलायचा आणि काढलेला रॉड करवतीने कापून टाकायचा, नाहीतर तो ‘कमी वापरलेला’ म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी इंजिनात जाऊन बसतो.