मसल कार
मध्यम आकाराच्या व बेताच्या किंमतीच्या गाडीत मोठे, शक्तिमान एंजिन बसवून बनविलेली अमेरिकन मोटारगाडी. १९६४ मध्ये पाँटिॲकच्या ‘जीटीओ’ या गाडीने हा प्रकार लोकप्रिय केला. तिचे आठ सिलिंडरांचे एंजिन सु. ६·४ लिटरचे होते. विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा प्रदूषणविरोधी कायदा व १९७३ मधील तेलटंचाई यांमुळे या गाड्या मागे पडल्या. पुढे तरुणपणी त्यांचे आकर्षण वाटलेली पिढी सधन झाली आणि संग्राहकांची मागणी वाढली.

गाडीची किंमत दुर्मिळता, मूळ एंजिन व विश्वसनीय कागदपत्रे यांवर अवलंबून असते. प्लिमथच्या मोजक्याच बनलेल्या १९७१ च्या उघड्या टपाच्या ‘हेमी कुडा’ला २०१४ मध्ये लिलावात ३५ लाख डॉलर मिळाले. बुलिट (१९६८) या चित्रपटातील फोर्ड मस्टँग १९७४ मध्ये ६,००० डॉलरला विकली गेली होती. नूतनीकरण न केलेल्या त्याच गाडीवर २०२० मध्ये ३४ लाखांची बोली लागली. हे मूल्य यंत्रापेक्षा स्मृतीचे अधिक होय. ती स्मृती बाळगणारी पिढी ओसरल्यावर सामान्य गाड्यांची किंमत उतरण्याचा संभव आहे; ऐतिहासिक महत्त्वाच्या दुर्मिळ गाड्यांचे मूल्य मात्र तुलनेने टिकू शकेल.