त्वचेचे पथ्य टिकत का नाही? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूर किंवा गडचिरोलीत खोली करून शिकणाऱ्या एखाद्या मुलीला विचारा, मुरुमांसाठी तिने काय काय सोडून पाहिले. तळलेले सोडले, तिखट सोडले, भात सोडला, चहाही सोडला. सकाळी उपाशीपोटी लिंबू-मधाचे पाणी सुरू केले. आठ-दहा दिवस रेटून नेले, मग मेसच्या ताटापुढे नियम मोडला आणि ‘आपल्यातच चिकाटी नाही’ असे म्हणून विषय संपला. खेड्यांतही तेच चालते. तिथे अंगाला खाज सुटली की वांगी बंद होतात आणि लेकराच्या गालावर डाग दिसला की मासळी बंद होते.

यातली बहुतेक पथ्ये चुकीच्या समजुतींवर उभी आहेत. जे आजाराचे कारणच नाही ते सोडून गुण येणार कसा? आणि गुणच येत नसेल तर पथ्य टिकणार कसे? म्हणून आधी या समजुती तपासून घेऊ.

गैरसमज १ : तेलकट-तिखट खाल्ल्यामुळे मुरुम येतात.

वस्तुस्थिती : मुरुमांचे मूळ ताटात नसते. वयात येताना काही संप्रेरके वाढतात आणि त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल तयार करू लागतात. मृत पेशींमुळे केसाच्या मुळाशी असलेले छिद्र बुजते, आत जंतू वाढतात आणि सूज येते. आपण खाल्लेले तेल आतड्यात पचते. ते चेहऱ्यावर येत नाही. चेहऱ्यावरचे तेल त्वचा स्वतः बनवते. आई-वडिलांना तरुणपणी मुरुम आले असतील तर मुलांना येण्याची शक्यता जास्त असते.

आहाराचा थोडा हात आहे, पण तो साखर आणि मैद्याच्या बाजूने. कोल्ड्रिंक, बिस्किटे, गोड चहा, पाव अशा पदार्थांनी रक्तातली साखर झटकन वाढते, त्यामागोमाग इन्सुलिन वाढते आणि त्यामुळे तेलग्रंथींना चालना मिळते. पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरच्या सुमारे १२०० लोकांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. कंद, फळे, मासे आणि नारळ खाणाऱ्या त्या लोकांत एकही मुरुमांचा रुग्ण आढळला नाही. २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर झालेल्या १२ आठवड्यांच्या प्रयोगात, रक्तातली साखर हळूहळू वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरुम इतरांपेक्षा जास्त कमी झाले. दूध आणि व्यायामशाळेत घेतली जाणारी व्हे प्रोटीनची पावडर यांचा मुरुमांशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, पण तो पुरावा अजून पक्का नाही. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे की मुरुमांसाठी अमुकच आहार घ्या असे सांगण्याइतका पुरावा नाही. म्हणजे साखर कमी करणे हिताचे आहे, पण मुरुम जास्त असतील तर औषधाला पर्याय नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरायची साधी, स्वस्त मलमे उपलब्ध आहेत.

गैरसमज २ : पंधरा दिवसांत फरक दिसला नाही, म्हणजे पथ्य वाया गेले.

वस्तुस्थिती : त्वचेचा वरचा थर नवा होण्यासच साधारण चार आठवडे लागतात. मुरुमांवरच्या औषधाचा गुणही ८ ते १२ आठवड्यांनी दिसतो. आहाराचा परिणाम त्याहून लवकर दिसावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. आठव्या दिवशी आरशात पाहून निराश होणारी मुलगी कमकुवत मनाची नसते, तिला मुदतच चुकीची सांगितलेली असते. त्यात एकाच वेळी सहा गोष्टी सोडल्या तर भूक, चिडचिड आणि खर्च वाढतो आणि सगळेच सुटते. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला तीन महिने द्यावेत. उदाहरणार्थ, चहातली साखर निम्मी करावी.

गैरसमज ३ : त्वचा सुधारायची तर भात बंद करावा लागतो.

वस्तुस्थिती : हा सल्ला धानाच्या मुलखात टिकूच शकत नाही. नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी ‘एचएमटी’ धानाचे वाण शोधले, तो हा प्रदेश. इथे रेशनवर तांदूळ मिळतो, डब्यात भात असतो आणि रात्रीचे जेवणही भातानेच पूर्ण होते. पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळाने रक्तातली साखर लवकर वाढते हे खरे आहे. पण भात एकटा खाल्ला आणि वरण, भाजी, थोडे तेल यांच्यासोबत खाल्ला, तर परिणाम सारखा होत नाही. डाळीतली प्रथिने आणि भाजीतला चोथा यांमुळे साखर सावकाश वाढते.

खरा दोष ताटातल्या प्रमाणात आहे. डोंगराएवढा भात आणि त्यावर पळीभर पातळ वरण, असे ताट अनेक घरांत आणि मेसमध्ये दिसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ५०० ग्रॅम भाज्या आणि फळे सुचवली आहेत. भात एक वाटी कमी करून घट्ट वरण आणि भाजी एक वाटी वाढवणे कोणालाही जमण्यासारखे आहे. मिळत असेल तर कमी पॉलिशचा तांदूळ घ्यावा.

गैरसमज ४ : चेहऱ्यावरचे पांढुरके डाग म्हणजे कॅल्शियमची कमतरता किंवा जंत. दूध आणि मासे एकत्र खाल्ले की कोड होते.

वस्तुस्थिती : लहान मुलांच्या गालांवर फिकट, किंचित खवलेदार चट्टे दिसतात. त्यांचा कॅल्शियमशी संबंध नाही. कोरडी त्वचा आणि सौम्य इसब हे त्याचे नेहमीचे कारण असते. ऊन लागल्यावर आजूबाजूची त्वचा काळवंडते आणि चट्टे उठून दिसतात. रोज खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर लावले तर काही महिन्यांत ते जातात. जंताच्या गोळ्या पोटातल्या जंतांसाठी जरूर द्याव्यात, पण चट्टे जाण्यासाठी नव्हे.

कोडाचे कारण वेगळे आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींवर हल्ला करते. दूध-मासे एकत्र खाण्याशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. माजी मालगुजारी (मामा) तलावांची मासळी आणि झिंगे हा या भागातला स्वस्त, उत्तम प्रथिनांचा स्रोत आहे. या समजुतीपायी लेकरांचे ते अन्न तोडणे हे मोठे नुकसान आहे. कोड स्पर्शाने पसरत नाही आणि त्यावर उपचार आहेत.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत तिसरी शक्यता कधीही विसरू नये, ती कुष्ठरोगाची. ज्या चट्ट्यावर स्पर्श, टोचणे किंवा गरम-थंड कळत नाही, तो चट्टा ताबडतोब तपासून घ्यावा. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ सालीच शोधला. हा रोग पापाने होत नाही आणि कोणत्याही खाण्यानेही होत नाही. वरोऱ्याजवळचे आनंदवन उभे करणारे बाबा आमटे आणि त्यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीतील माणसे यांनी या रोगाचा कलंक पुसण्यासाठी आयुष्ये वेचली. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावा लागतो. वेळेवर घेतला तर रोग पूर्ण बरा होतो आणि विकृती टळते. अशा चट्ट्यावर पथ्य करत घालवलेले प्रत्येक वर्ष मज्जातंतूंचे न भरून येणारे नुकसान करते.

गैरसमज ५ : खाज, नायटा, खरूज म्हणजे रक्त खराब झाले. वांगी आणि डाळ बंद करावी.

वस्तुस्थिती : खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते. तो त्वचेत बीळ करून अंडी घालतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि कमरेला रात्री वाढणारी खाज ही त्याची खूण. वसतिगृहात एका मुलाला झाली की दाटीने झोपणाऱ्या सगळ्यांना होते. त्यामुळे खोलीतल्या किंवा घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी औषध लावायचे आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे, हाच उपाय. ज्याला खाज नाही त्यालाही औषध लावावे लागते.

नायटा किंवा गजकर्ण बुरशीने होते आणि रोवणीच्या दिवसांत पाय सतत चिखलपाण्यात राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. यांतले काहीही रक्त बिघडल्याने होत नाही. यावर मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे सर्वांत घातक ठरतात. दोन दिवस खाज थांबते, मग बुरशी दुप्पट पसरते आणि त्वचा पातळ होते. केंद्र सरकारने २०१८ साली अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम केला. चिठ्ठी नसेल तर ती घेऊ नयेत.

गैरसमज ६ : मग आहाराचा त्वचेशी काहीच संबंध नाही.

वस्तुस्थिती : संबंध आहे आणि तो उपासमारीच्या बाजूने फार मोठा आहे. मुलांच्या कोपर-गुडघ्यांवर काटेरी, खरखरीत पुरळ येते. त्यामागे अ जीवनसत्त्व, ब गटातील जीवनसत्त्वे आणि आवश्यक स्निग्धाम्ले यांची कमतरता असू शकते. उन्हाला उघड्या राहणाऱ्या गळ्यावर आणि हातांवर काळसर, सोलवटणारे पट्टे उमटतात तो पेलाग्रा, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाचा अभाव. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ साली, मक्यावर भर असलेल्या निकृष्ट आहाराने हा रोग होतो, हे कैदी स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवले. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी जवळपास ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब कष्टकऱ्यांत तो अभ्यासला. आज तो मुख्यतः अतिमद्यपान करणाऱ्यांत दिसतो, कारण त्यांच्या पोटात अन्न कमी आणि दारू जास्त जाते.

तोंडावरचा फिकटपणा हे रक्तक्षयाचे लक्षण असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मात्र या दोन जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार आहे. त्यामुळे रक्त कमी दिसले तर सिकलसेलची तपासणी करून घ्यावी आणि स्वतःच्या मनाने महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. सिकलसेलच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असते.

इथेच खर्ऱ्याचाही हिशेब करावा लागतो. खर्ऱ्यातल्या सुपारी-तंबाखूने तोंडाची आतली त्वचा ताठर होते, तोंड उघडेनासे होते, तिखट सोसत नाही. हळूहळू भाजी-भाकरी सुटते आणि मऊ, गोड पदार्थांवर दिवस निघतात. खर्रा तोंडात ठेवून त्वचेसाठी कोणताही आहार टिकणार नाही.

गैरसमज ७ : त्वचेला पौष्टिक असे अन्न महाग आणि बाहेरचे असते.

वस्तुस्थिती : ॲव्होकॅडो आणि ब्लूबेरी यांत असे काहीही नाही जे इथल्या आठवडी बाजारात मिळत नाही. पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी भाजी येते, मग कटवल आणि बांबूचे वास्ते. अंबाडी, शेवग्याचा पाला आणि हरभऱ्याची भाजी यांतून अ जीवनसत्त्व होण्यास लागणारे घटक मिळतात. ते अंगी लागावेत म्हणून भाजीला थोडे तेल हवेच, बिनतेलाची भाजीच चांगली, हा गैरसमज आहे. थंडीत आवळा आणि बोरे, उन्हाळ्यात चारोळी आणि टेंभरे, मग जांभूळ. मासळीत असणाऱ्या ओमेगा-३ गटातले स्निग्धाम्ल जवसात भरपूर असते. भातावर घेतलेली जवसाची चटणी स्वस्तात ते पोटात पोहोचवते. सात्या म्हणजे रानातली अळंबी हेही उत्तम अन्न आहे, पण जाणकाराने ओळखून दिलेलीच खावी.

मोहफुलाबद्दल मात्र खरे बोलले पाहिजे. वाळलेल्या फुलात मुख्यतः साखर असते. ते ताकद देणारे अन्न आहे, त्वचेवरचे औषध नव्हे.

गैरसमज ८ : चांगली त्वचा म्हणजे गोरी त्वचा. केशर घेतले की रंग उजळतो, चहाने काळवंडतो.

वस्तुस्थिती : त्वचेचा रंग मेलॅनिन ठरवते आणि त्याचे प्रमाण मुख्यतः आनुवंशिक असते. गर्भारपणातले केशर किंवा चहा तो बदलत नाही. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे गेलेला आहे. त्या उन्हात तेंदूपाने तोडणाऱ्या माणसाची सावळी त्वचा त्याचे संरक्षणच करत असते. गालावरचे वांग पोट साफ नसल्याने येत नाहीत. ऊन, गर्भारपण, संप्रेरके आणि आनुवंशिकता ही त्यांची कारणे. त्यावर डोक्याला-तोंडाला दुपट्टा, रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन हे कोणत्याही काढ्यापेक्षा अधिक कामाचे.

या सगळ्याचा अर्थ असा की त्वचेसाठी वेगळे ताट लागत नाही. घरच्याच ताटात एकेक करून डाळ आणि भाजी वाढवा, साखर कमी करा, खर्रा सोडा आणि प्रत्येक बदलानंतर तीन महिने थांबा. एवढे पथ्य घरातल्या सगळ्यांसोबत पाळता येते, म्हणून ते टिकते. बधिर चट्टा, रात्री वाढणारी खाज, पसरत जाणारा नायटा किंवा खड्डे पाडणारे मुरुम दिसले तर मात्र पथ्यावर एक दिवसही घालवू नका. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, तिथून गरज पडली तर जिल्हा रुग्णालय किंवा चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा. आणि आजवर एखादे पथ्य मोडले म्हणून स्वतःला दोष देत असाल, तर ते आजच थांबवा.