वाट ठाऊक असलेले मासे

हेरिंग हा उत्तर अटलांटिक महासागरातला मासा. शास्त्रीय नाव क्लुपिया हॅरेंगस. कोकणच्या बाजारात तारली पाहिलेल्यांना त्याची चंदेरी, चपटी ठेवण परकी वाटणार नाही. दोघे एकाच गणातले, प्लवकांवर जगणारे आणि थव्याने फिरणारे. फरक आहे तो आयुष्याचा. तारली दोन-तीन वर्षांत संपते, हेरिंग मात्र वीस वर्षांपर्यंत जगू शकतो. या दीर्घायुष्याचा त्याच्या प्रवासाशी काय संबंध आहे, हे उमगायला विज्ञानाला शंभर वर्षे लागली.

तारलीची अंडी पाण्यात तरंगतात. हेरिंग मात्र समुद्रतळाशी उतरतो आणि खडीवर, गोट्यांवर अंडी चिकटवतो. एकेक मादी हजारोंनी अंडी घालते. जागोजागी त्यांचे थरच्या थर साचतात. गाळाचा तळ त्याला चालत नाही, त्यामुळे विणीच्या जागा मोजक्याच. नॉर्वेचा वासंतिक हेरिंग, म्हणजे या जातीचा सर्वांत मोठा साठा, फेब्रुवारी-मार्चमध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यालगत अंडी घालतो. दोन-तीन आठवड्यांनी बाहेर पडलेली पिल्ले प्रवाहाबरोबर उत्तरेला बॅरेन्ट्स समुद्रात वाहत जातात आणि तीन-चार वर्षे तिथेच वाढतात. मग ती प्रौढांच्या थव्यांत मिसळतात. उन्हाळ्यात नॉर्वे आणि आइसलंड यांच्यामधल्या समुद्रात तांदळाच्या कणीएवढे कॅलॅनस नावाचे कवचधारी जीव खाऊन अंगावर चरबी चढवायची, हिवाळा खोल पाण्यात जवळजवळ उपाशी काढायचा आणि पुन्हा विणीच्या किनाऱ्याला लागायचे, असे हे वर्षाचे चक्र आहे.

विणीचा हंगाम बऱ्याच अंशी जनुकांत ठरलेला असतो. उत्तर समुद्रातले अनेक हेरिंग शरद ऋतूत वितात, नॉर्वेचे वसंतात. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे लेफ अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये या दोन प्रकारांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा ठळक फरक सापडला तो थायरॉइड ग्रंथीला चालना देणाऱ्या संप्रेरकाच्या ग्राहक-जनुकाजवळ. हंगामाचा धागा असा जनुकांत सापडला. कुठे जायचे, याचे उत्तर शोधायला मात्र थव्याकडेच पाहावे लागले.

हेरिंगची मासेमारी शतकानुशतके बेभरवशाची होती. स्वीडनच्या बोहुसलेन किनाऱ्यावर अठराव्या शतकाच्या मध्यापासून 1809 पर्यंत मासळीचा महापूर होता. नंतर तो ओसरला आणि गावे ओस पडली. अशा चढउतारांत माणसाचा हात नसावा, असेच पुष्कळांना वाटे. 1883 मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शनात टॉमस हक्सली यांच्यासारख्या थोर प्राणिशास्त्रज्ञाने हेरिंगसह समुद्रातली मोठी मासेमारी न संपणारी आहे, असे मत मांडले. त्या काळच्या होड्या आणि जाळी पाहता ते अगदीच निराधार नव्हते.

चढउतारांचे कोडे सोडवले नॉर्वेच्या योहान यॉर्ट यांनी. माशाच्या खवल्यावर दर हिवाळ्याला एक वर्तुळ उमटते. ती वर्तुळे मोजून वय काढण्याच्या कामात आयनार लेआ यांची त्यांना मोठी साथ होती. हजारो खवले तपासल्यावर दिसले, की 1904 साली जन्मलेले मासे पुढे कितीतरी वर्षे जाळ्यात सर्वाधिक येत राहिले. त्यांच्या आगेमागे जन्मलेल्या पिढ्या त्यांच्यापुढे नगण्य होत्या. म्हणजे मासळी कमी-अधिक होते ती मुख्यतः एखाद्या वर्षीची पिल्ले तगतात की मरतात यावरून. अंड्यातली शिदोरी संपताच पिल्लाला अन्न मिळाले नाही तर अख्खी पिढी बुडते, असा तर्क यॉर्ट यांनी 1914 च्या ग्रंथात मांडला. या तर्काच्या तपशिलावर आजही वाद होतात, पण ‘जन्मवर्षाची पिढी’ ही कल्पना जगभरच्या मत्स्यविज्ञानाचा पाया झाली.

पाया भक्कम होता, तरी त्याने नॉर्वेच्या वासंतिक हेरिंगचा साठा वाचला नाही. 1950 च्या दशकात फिन देवॉल यांनी ‘जी. ओ. सार्स’ या संशोधन जहाजावरून सोनार या ध्वनियंत्राच्या साहाय्याने हिवाळी थव्यांचा माग काढला. लवकरच सोनार मच्छीमारांच्या बोटींवरही आला. नायलॉनची पर्ससीन जाळी आली आणि ती ओढून घेणारी मारिओ पुरातिच यांची यांत्रिक कप्पी आली. 1966 मध्ये या एका साठ्यातून सुमारे 20 लाख टन मासळी निघाली. तिचा मोठा भाग माणसाच्या ताटात न जाता तेल आणि पशुखाद्य करण्यात गेला. धोक्याची सूचना उशिरा मिळाली, कारण हेरिंग उरलेसुरले असले तरी दाट थव्यानेच राहतात. सोनार असलेल्या बोटीचे जाळे शेवटपर्यंत भरूनच येत राहते. 1950 च्या दशकात विणीच्या माशांचे वजन कोटी टनांच्या घरात होते. 1970 च्या सुमारास ते नाममात्र उरले. आइसलंडमधील सिगलुफ्योर्दुर या हेरिंगच्या गावातले खारवण्याचे धक्के रिकामे झाले. देशाचे निर्यात-उत्पन्न कोसळले आणि 1967 व 1968 अशी लागोपाठ दोन वर्षे क्रोनाचे अवमूल्यन करावे लागले.

कडक निर्बंधांनंतर 1983 ची पिढी भरघोस निघाली आणि तिने साठा उभा केला. मासे परत आले, पण जुने मार्ग तसेच परत आले नाहीत. पूर्वी आइसलंडच्या पूर्वेला हिवाळा काढणारा हेरिंग आता नॉर्वेतल्या ओफोटफ्योर्ड आणि टिसफ्योर्ड या अरुंद खाड्यांत गर्दी करू लागला आणि 2000 नंतर तिथूनही खुल्या समुद्रात निघून गेला. गायर हुसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवले, की असे स्थलांतर बदलते ते थव्यात अनुभवी माशांच्या तुलनेत नवख्यांचे प्रमाण फार वाढते तेव्हा. नवखे हेरिंग जुन्यांच्या संगतीने वाट शिकतात. संगतच नसेल तर ते स्वतःची वाट पाडतात.

या विचाराला सर्वांत ठसठशीत पुरावा 2025 मध्ये आरिल स्लोट्टे आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडला. मोठ्या, वयस्क माशांवरच मासेमारीचा रोख राहिल्याने त्यांची संख्या घटली होती. त्याच सुमारास 2016 ची प्रचंड पिढी वयात आली. तिला नॉर्वेच्या मोरे किनाऱ्याकडची दक्षिणेची वाट दाखवायला पुरेसे जाणते मासे उरले नव्हते. विणीचे मुख्य ठिकाण सुमारे 800 किलोमीटर उत्तरेला, लोफोटेन बेटांकडे सरकले. मोरेचा तळ होता तिथेच होता. तिकडे नेणारे मासे कमी पडले.

मासेमारीची मर्यादा आजही टनांत ठरते, आणि टनांच्या हिशेबात चार वर्षांचा मासा आणि चौदा वर्षांचा मासा यांत फरक फक्त वजनाचा. हा हिशेबही धड पाळला जात नाही. नॉर्वे, आइसलंड, फेरो बेटे, रशिया, ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात वाटणीचे एकमत झालेले नाही. प्रत्येकाने आपापला वाटा ठरवल्याने बेरीज शास्त्रज्ञांच्या शिफारशीपलीकडे गेलेली आहे.

विणीची जागा बदलल्याचा परिणाम माशांपुरता राहण्याचे कारण नाही. लोफोटेनच्या दक्षिण टोकाला असलेल्या रोस्ट बेटांवर पफिन पक्षी मोठ्या संख्येने घरटी करतात. तिथली त्यांची पिल्ले जगतात ती मुख्यतः दक्षिणेकडून वाहत येणाऱ्या हेरिंगच्या पोरांवर. ज्या वर्षी ती येत नाहीत, त्या वर्षी घरट्यांतली पिल्ले उपाशी मरतात. मोरेहून निघालेल्या पोराला रोस्टपर्यंत पोहोचेतो वाढायला पुष्कळ दिवस मिळत. लोफोटेनच्या खडीवर जन्मलेल्या पोराला तेवढा प्रवास उरलेला नाही.