खरखर की शांतता?

पालेगावातून शेअर रिक्षा, मग अंबरनाथ स्टेशन, मग लोकल. कानात इअरफोन, सोबतीला एफएम. आणि ऐन कडव्यात गाणं गायब! पहिली शिवी मोबाईलला, दुसरी नेटवर्कला. (एफएमला नेटवर्क लागतच नाही, पण ते असो.)

थांबा. आधी बाकीची स्टेशनं लावून बघा. सगळीच बिघडली असतील तर दोष बहुतेक मधल्या डोंगराचा. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर त्यांना आडवा येतो. एकच स्टेशन गेलंय? मग कान द्या. नुसती खरखर म्हणजे तिकडचा ट्रान्समीटरच बंद. एकदम सुन्न शांतता म्हणजे ट्रान्समीटर चालू आहे, पण स्टुडिओतून आवाजच येत नाहीये.

तिकडे ट्रान्समीटर रूममध्ये नाइट ड्युटीवरच्या इंजिनीअरसमोर पाच-सहा लाल दिवे एकदम पेटलेले असतात. सर्वात जोरात ओरडतो तो 'पॉवर लो'. नवखा माणूस त्याच्याच मागे धावतो. जुना माणूस लॉग उघडून पहिला अलार्म कोणता ते बघतो. कारण गोष्ट बऱ्याचदा अशी असते: फिल्टरमध्ये धूळ, म्हणून हवा कमी, म्हणून तापमान वर, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचं मॉड्यूल ट्रिप, म्हणून पॉवर कमी. आरोपी फिल्टर, आणि बोंब भलत्याचीच!

खरा घाम फोडतो तो 'रिफ्लेक्टेड पॉवर'चा अलार्म. ट्रान्समीटरने पाठवलेली पॉवर अँटेनाने गिळायला हवी. काही बिघडलं की ती उलटी येते. मीटरवर व्हीएसडब्ल्यूआर 1.5 दिसला तर 4 टक्के परत. म्हणजे 10 किलोवॅटमधले 400 वॅट! पावसाळ्यात पहिला संशय केबलवर. आतून पोकळ असलेल्या जाड केबलमध्ये दाबाने कोरडी हवा भरलेली असते. गेजवरचा दाब उतरलेला दिसला, तर कुठेतरी गळती आहे आणि तिथून पाणी शिरू शकतं.

अशा वेळी रिसेटचं बटण दाबत सुटणं हा शुद्ध वेडेपणा. वीज कडाडली आणि क्षणभर ट्रिप झालं, तर यंत्रणा बहुधा आपोआप सावरते. पण अलार्म पुन्हा आला, तर प्रत्येक रिसेट म्हणजे खराब जॉइंटमध्ये पुन्हा फुल पॉवर. जॉइंट जळतो आणि तासाभराचं काम आठवड्यावर जातं. त्यापेक्षा ट्रान्समीटर डमी लोडवर घ्यायचा. तिथे गुण्यागोविंदाने चालला, तर घोळ बाहेर, केबलमध्ये किंवा टॉवरवर.

आणि कॅबिनेट उघडायचं? एकट्याने नाही. मेन स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरतो. आधी अर्थिंगची काठी लावायची, मगच हात. दाराच्या इंटरलॉकला 'जुगाड' करणाऱ्याला तर ड्युटीच देऊ नये. मीडियम वेव्हला आणखी जपावं लागतं, कारण तिथे बहुधा अख्खा मनोराच अँटेना असतो, पोर्सिलेनच्या इन्सुलेटरवर उभा. चालू असताना हात लावाल तर संपलात. मुंबईत 23 जुलै 1927 ला रेडिओ सुरू झाला तो 1.5 किलोवॅटवर, पुढे मालाडला आकाशवाणीचे 100 किलोवॅटचे ट्रान्समीटर आले.

रात्री तीन वाजता, विजा चमकत असताना टॉवरवर कुणी चढत नाही. चढवूही नये, मग जाहिरातींचं कितीही नुकसान होवो. रिफ्लेक्टेड पॉवर धोक्याच्या खाली राहत असेल, तर निम्म्या पॉवरवर स्टेशन चालू ठेवायचं आणि उजाडायची वाट बघायची. दादरच्या श्रोत्याला फरक कळणारही नाही. पालेगावात मात्र गाण्यामागे थोडी खरखर येईल.