डोळा उघडतो, पाहणे शिकावे लागते

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आजी दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी येते आणि विचारते, भिंतींना नवा रंग दिला का रे? पिकलेल्या भिंगाने जगावर चढवलेली पिवळट छटा गेलेली असते. गढूळ भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसले की बहुतेक वृद्धांना थोड्याच दिवसांत स्वच्छ दिसू लागते. माणसे, भांडी, दारे-खिडक्या त्यांना नव्याने ओळखाव्या लागत नाहीत, कारण पाहण्याची उभ्या आयुष्याची सवय मेंदूत मुरलेली असते. पण मोतीबिंदू घेऊनच जन्मलेल्या आणि दहा-बारा वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्या मुलाची पट्टी सुटते, तेव्हा त्याला काय दिसते?

हा प्रश्न जुना आहे. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांची पत्नी लग्नानंतर लवकरच अंध झाली होती. १६८८ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना लिहून पाठवले : जन्मांध माणूस हाताने चाचपून गोल आणि घन ओळखतो, त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता तो ते ओळखेल का? ‘नाही’ असे दोघांचेही मत होते. १७२८ मध्ये लंडनचे शल्यविशारद विल्यम चेसेल्डन यांनी शस्त्रक्रिया केलेल्या सुमारे १३ वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. दिसणारी प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्यांना टेकली आहे, असे त्याला वाटे. मांजर कोणते आणि कुत्रा कोणता, हे तो विसरे. मग मांजराला उचलून, चाचपून, निरखून ते रूप मनात साठवी.

या प्रश्नाची काटेकोर परीक्षा अखेर भारतात झाली. दिल्लीत वाढलेले, अमेरिकेतील एमआयटीत मेंदूविज्ञान शिकवणारे पवन सिन्हा यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. जन्मांध मुले शोधायची, दिल्लीच्या श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयात त्यांच्यावर उपचार करायचे आणि ती पाहायला कशी शिकतात याचा अभ्यास करायचा, असा हा उपक्रम. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ८ ते १७ वर्षांची ५ मुले होती. शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत त्यांच्यापुढे खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार ठेवले. एक आकार डोळ्यांनी पाहून पुन्हा डोळ्यांनी ओळखताना ९२ टक्के उत्तरे बरोबर आली. हाताने चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखताना मात्र ५८ टक्के, म्हणजे अंदाजाने सांगितल्यासारखीच. पुढे काही दिवसांतच त्यांच्या उत्तरांत लक्षणीय सुधारणा झाली. मेंदूने हात आणि डोळा यांची गाठ घालून दिली होती.

उशिरा दृष्टी आलेल्यांना स्थिर चित्रातल्या वस्तू सुरुवातीला वेगळ्या काढता येत नाहीत. एकमेकांवर आलेल्या दोन आकृत्यांचे त्यांना तीन-चार तुकडे दिसतात. चेंडूची सावलीही स्वतंत्र वस्तू वाटते. तीच आकृती हलू लागली की गोंधळ सुटतो. जे एकत्र हलते ते एकच, हा पाहण्याचा पहिला धडा असतो.

तरी उशिराची किंमत मोजावीच लागते. साठच्या दशकात ह्यूबेल आणि वीझल या संशोधकांनी मांजराच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले की कोवळ्या वयात डोळा झाकलेला राहिला, तर मेंदूतली त्याची जोडणी नीट होत नाही. या संशोधनमालिकेला १९८१ चे नोबेल मिळाले. अहमदाबादेतील एका जन्मांध स्त्रीची शस्त्रक्रिया १२ व्या वर्षी झाली. वयाच्या ३२ व्या वर्षी तपासले, तेव्हा ती चेहरे आणि वस्तू ओळखत होती, पाहण्याची बहुतेक कामे करत होती. पण तिच्या नजरेची तीक्ष्णता निरोगी डोळ्याच्या दशांशच होती. म्हणजे उशिराची शस्त्रक्रियाही वाया जात नाही, आणि वेळेवरच्या शस्त्रक्रियेला पर्यायही नाही.

ही वेळ फार थोडी असते. दाट जन्मजात मोतीबिंदू शक्यतो जन्मानंतरच्या सहा ते आठ आठवड्यांत काढावा लागतो. आपल्याकडे बाळ-बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत. म्हणजे जे दिवस मोलाचे, नेमके तेच दाराआड जातात. मग ‘मोठा झाला की बघू’ म्हणत वर्षे निघून जातात. शस्त्रक्रियेनंतरही काम उरते : नियमित तपासणी, चष्मा, आळशी डोळ्याला कामाला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी. हे आईवडिलांनी नेटाने केले, तरच उघडलेला डोळा पाहू लागतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मजात मोतीबिंदूचा त्यात समावेश आहे आणि उपचार मोफत आहेत. उणीव आहे ती वेळेवर पाहणाऱ्या माणसाची.

बारशाला आपण पाळण्यावर वाकून नाक कोणावर गेले ते पाहतो. तेव्हा बाळाच्या डोळ्यांच्या बाहुल्याही पाहा. मधोमध पांढरट झाक दिसली, फ्लॅशने काढलेल्या फोटोत एखादी बाहुली पांढरी चमकली, तर सव्वा महिना सरायची वाट पाहू नका. ती मोतीबिंदूची खूण असू शकते, डोळ्याच्या कर्करोगाचीही असू शकते. त्याच दिवशी बाळाला नेत्रतज्ज्ञांकडे न्या.