घर विकायचंय? किंमत कशी ठरवायची, फोटो कसे काढायचे आणि सीझन कसा पकडायचा

मोबाईल विकायचा असेल तर आपण दोन मिनिटांत जुन्या फोनची किंमत शोधतो. घराचं तसं नसतं. गेल्या वर्षी आई-बाबांचा नाशिकचा २ बीएचके फ्लॅट विकायची जबाबदारी माझ्याकडे आली. "तू सॉफ्टवेअरवाला, ऑनलाईन बघ काय ते," असं बाबा म्हणाले. मी बघितलं, आणि पहिल्याच पायरीला चुकलो. त्या चुकीमुळे आमचा जवळजवळ सहा महिन्यांचा वेळ गेला, आणि पुण्यात घेतलेल्या घराचं २ लाखांचं टोकनही जाता जाता वाचलं.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर मोबाईलचं काम तुमच्याकडेच येणार. म्हणून सगळं नीट सांगतो.

आधी माझी चूक

मी तीन-चार प्रॉपर्टी ॲप्स उघडली, आमच्या भागातल्या २ बीएचकेच्या किमती एक्सेलमध्ये टाकल्या आणि सरासरी काढली. ५८ लाख! बाबा खूश. गुढीपाडव्यानंतर जाहिरात टाकली. मे महिन्यात त्याच भरवशावर पुण्याच्या घराचं टोकन दिलं. बाकीची रक्कम द्यायची मुदत ३० नोव्हेंबर.

फोन भरपूर आले, पण बहुतेक एजंटांचे. घर बघायला तीन कुटुंबं आली आणि एकानेही ऑफर दिली नाही. अक्षय्य तृतीया गेली, शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला. वर बेडरूमच्या भिंतीला ओल आली.

चूक कुठे होती? ॲपवर दिसते ती मागितलेली किंमत. ती कोणी दिली की नाही, हे तिथे कळत नाही. शिवाय जी घरं विकली जात नाहीत तीच ॲपवर जास्त दिवस राहतात. म्हणजे मी न विकल्या गेलेल्या घरांची सरासरी काढून बसलो होतो.

खरा भाव कुठे बघायचा?

महाराष्ट्रात घराचा व्यवहार नोंदवला की त्याचा सारांश तयार होतो. त्याला 'इंडेक्स टू' किंवा सूची क्रमांक २ म्हणतात. त्यात मोबदला (म्हणजे व्यवहाराची रक्कम), बाजारभाव, क्षेत्रफळ आणि तारीख असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाईटवर मोफत ई-सर्चमध्ये जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून तो बघता येतो. मिळकत क्रमांक तुमच्या स्वतःच्या करारनाम्यात सापडतो. साईट दिवसा फार हळू चालत होती, म्हणून मी रात्री अकरानंतर बसायचो.

आमच्याच आणि शेजारच्या सोसायटीतले तीन व्यवहार मिळाले. तिन्हींत क्षेत्रफळ कार्पेट आणि चौरस मीटरमध्ये होतं. १ चौ. मीटर म्हणजे १०.७६४ चौ. फूट, त्यावरून हिशोब केला:

- ५८.५ चौ. मी. (६३० चौ. फूट), ४७ लाख: फुटाला साधारण ७,४६० रुपये
- ६१ चौ. मी. (६५७ चौ. फूट), ५०.५ लाख: साधारण ७,६९० रुपये
- ५५ चौ. मी. (५९२ चौ. फूट), ४३ लाख: साधारण ७,२६० रुपये

आमचा फ्लॅट ६४० चौ. फूट कार्पेट. मधला दर धरला तर किंमत ४७.७५ लाखांच्या आसपास येते. मी मागत होतो ५८!

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा:

१. कार्पेटची तुलना कार्पेटशीच करा. एका ठिकाणी कार्पेट आणि दुसऱ्या ठिकाणी बिल्टअप घेतलं की सगळा हिशोब बिघडतो.
२. रेडी रेकनरचा दर म्हणजे विक्रीची किंमत नाही. तो मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर आहे.
३. एका व्यवहारावरून निष्कर्ष काढू नका. नातेवाइकांत झालेला किंवा घाईत केलेला व्यवहार कमी रकमेचा असू शकतो.

सीझन म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे घरखरेदी पंचांगावर आणि सरकारी तारखांवर चालते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी हे चांगले दिवस. पितृपक्षात बरेच लोक टोकन द्यायला तयार नसतात. रेडी रेकनरचे नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात, म्हणून मार्चमध्ये नोंदणीची घाई असते. मुलांच्या शाळेमुळे अनेकांना जूनच्या आत घर बदलायचं असतं.

तारखेची ताकद किती असते याचं मोठं उदाहरण २०२० चं. सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी आणि नंतर मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी कमी केलं. मुदत संपत आली तशी नोंदणीला झुंबड उडाली. घरं तीच होती, पण थांबून राहिलेल्या लोकांना निर्णय घ्यायला एक तारीख मिळाली.

पण सीझनमुळे चुकीची किंमत बरोबर होत नाही. सीझनमध्ये बघायला येणारे वाढतात आणि निर्णय लवकर होतो, इतकंच. माझे ५८ लाख अक्षय्य तृतीयेलाही कोणी दिले नाहीत.

दुसरा प्रयत्न: आधी घर, मग जाहिरात

जुलैमध्ये बाबांना इंडेक्स टू दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दहा लाख गेले." मी म्हटलं, "बाबा, ते कधी आपले नव्हतेच." आईने विषय बदलून चहा टाकला. पण त्या रात्री आम्ही नवा प्लॅन केला.

ओल बाहेरून नव्हती. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून पाणी झिरपत होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना मध्ये घालून ते दुरुस्त केलं, भिंत पूर्ण सुकू दिली आणि मगच रंग दिला. ओल्या भिंतीवर घाईने रंग लावला तर महिन्याभरात पोपडे येतात आणि घेणारा समजून जातो. बाकी कामं छोटी होती: गळणारे नळ, अडकणारी कडी, बंद पडलेले बल्ब, आणि माळ्यावरचं वीस वर्षांचं सामान.

पावसाचा एक फायदाही झाला. दुरुस्तीनंतर जोरदार पाऊस असताना मी भिंतीचा आणि खिडकीचा सलग व्हिडिओ काढला. पुढे प्रत्येकाने ओलीबद्दल विचारलंच. तेव्हा झालेली ओल सांगितली आणि व्हिडिओ दाखवला.

मोबाईलने फोटो काढताना

- लेन्स पुसा. हसू नका, माझे पहिले सगळे फोटो याचमुळे धुरकट होते.
- फोन आडवा, छातीच्या उंचीवर धरा. सकाळच्या उजेडात पडदे उघडून काढा.
- ०.५ एक्स वाईड लेन्सने खोली हॉलसारखी दिसते, पण प्रत्यक्ष बघितल्यावर माणूस हिरमुसतो. १ एक्सच वापरा.
- नावाची पाटी, कपाट, दागिने, कुरिअरवरचा पत्ता फोटोत येऊ देऊ नका. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा.

किंमत किती टाकायची?

ॲपमध्ये लोक फिल्टर लावून शोधतात, ४० ते ५० लाख, ५० ते ६० लाख असं. ५०.५ टाकलं की ५० पर्यंत बजेट असलेल्यांना तुमचं घर दिसतच नाही. आम्ही घासाघीस धरून ४९.९ टाकले.

पितृपक्षात जाहिरात टाकली नाही. त्या पंधरवड्यात शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीच्या पावत्या, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचा दाखला, जुन्या कर्जाची बँक एनओसी हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवलं. घेणाऱ्याच्या बँकेने पहिल्यांदा हेच मागितलं.

घटस्थापनेच्या दिवशी जाहिरात टाकली. दसऱ्यापर्यंत नऊ कुटुंबं येऊन गेली. दसऱ्याला ४८.२५ लाखांवर टोकन मिळालं.

सावध राहा

- क्यूआर कोडची फसवणूक: "मी आर्मीत आहे, घर न बघताच टोकन देतो, हा कोड स्कॅन करा" असा फोन मलाही आला. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा.
- कागदपत्रं: अनोळखी माणसाला आधार पाठवू नका. द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार द्या.
- कॅश: "थोडे रोख घ्या" म्हणणारे भेटतात. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे. दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.
- टीडीएस: किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. त्याची नोंद तुमच्या पॅनवर दिसते का ते तपासा.
- स्पॅम कॉल: जाहिरातीत दुसरा नंबर द्या. आई-बाबांचा तर अजिबात देऊ नका.

शेवटी काय झालं?

घेणाऱ्याचं कर्ज मंजूर व्हायला महिना लागला. २४ नोव्हेंबरला नोंदणी झाली, आमच्या मुदतीच्या फक्त सहा दिवस आधी. ते सहा दिवस नशिबाचे होते. म्हणून सांगतो, जुनं घर विकल्याचं टोकन हातात आल्याशिवाय नव्या घराचं टोकन देऊ नका.

नोंदणी कार्यालयातून बाहेर पडल्यावर बाबांनी खिशातली जुनी किल्ली नव्या मालकांना दिली आणि म्हणाले, "पावसाळ्यात मागची खिडकी जरा दाबून लावा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा तो इंडेक्स टू एप्रिलमध्येच काढायला हवा होता."

बरोबर आहे. तुम्ही मात्र आधीच काढा.