अलेक्झांडर ची यांचे निबंध जरूर वाचा!

क्विअर असणं, घर आणि वियोग या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात कशा गुंतलेल्या असतात, हे समजून घ्यायचं असेल तर 'हाउ टु राइट अ‍ॅन ऑटोबायोग्राफिकल नॉव्हेल' (2018) हा इंग्रजी निबंधसंग्रह हाती घ्या. लेखक अलेक्झांडर ची. वडील कोरियन, आई गोरी अमेरिकन.

🔹 'गर्ल': 1990 चा हॅलोवीन, सॅन फ्रान्सिस्कोची कॅस्ट्रो वस्ती. मेकअप करून, सोनेरी केसांचा विग घालून ची आरशात बघतात. मिश्र वंशाचा म्हणून लहानपणापासून लोकांनी निरखलेला तो चेहरा त्यांना चक्क सुंदर वाटतो.

🔹 'आफ्टर पीटर': एड्सने गेलेल्या पीटर या तरुण कार्यकर्त्या मित्राची आठवण. मित्राच्या जाण्याचं दुःखही घरच्या माणसाच्या दुःखाइतकंच खोल असतं, हे इथे पटतं.

🔹 'इनहेरिटन्स': ची किशोरवयात असतानाच वडील गेले. त्यांच्या मागे राहिलेला पैसा मुलाच्या वाट्याला येतो, तेव्हा त्या पैशात दुःख कसं अडकून बसतं, याचा हा प्रामाणिक हिशेब.

ची कुठेही सहानुभूती मागत नाहीत, म्हणूनच हे लेखन थेट भिडतं. सुरुवात 'गर्ल'पासून करा, आणि वाचून झाल्यावर काय वाटलं ते नक्की सांगा.